धाप लागणाऱ्यांनी पावले मोजावीत का?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वडिलांचे वय ६६. पस्तीस-चाळीस वर्षे विड्या ओढल्या, पाच वर्षांपूर्वी सोडल्या. आता दाराबाहेर पडले तरी धाप लागते. त्या लिहितात, "डॉक्टर सांगतात, रोज चाला. आई म्हणते, बसून राहा, उगाच जिवाला त्रास नको. भावाने त्यांच्या मोबाईलमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली. त्यात रोज दहा हजार पावलांचे उद्दिष्ट येते. वडिलांची हजारही होत नाहीत. चार दिवस बघितले आणि त्यांनी मोबाईल फळीवर ठेवून दिला. आता चालणेही बंद आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?"

डॉक्टरांचे ऐकावे. पण मोबाईलमधल्या दहा हजारांचे मुळीच ऐकू नये. असे का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

आपल्याकडे ज्याला सरसकट 'जुना दमा' म्हणतात, त्यातला मोठा भाग सी.ओ.पी.डी. या विकाराचा असतो. खरा दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, आणि मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असतो. सी.ओ.पी.डी. चाळिशीनंतर हळूहळू येतो आणि पूर्णपणे जात नाही. सकाळचा खोकला, बेडका, मग चढावर धाप, मग सपाटीवर धाप, शेवटी आंघोळ करताना धाप, असा त्याचा प्रवास असतो. श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि वायुकोशांच्या भिंती झिजतात. विडी-सिगारेट हे मोठे कारण आहेच, पण एकमेव नव्हे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लेख लिहून, धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर, धूळ, लहानपणचे छातीचे आजार, बरा झालेला क्षय, ही सगळी कारणे आपल्या तालुक्यातल्या घराघरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३५ लाख माणसे या विकाराने दगावली. मृत्यूच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक चौथा होता.

बसून राहिल्याने काय होते?

धाप का लागते, ते आधी समजून घेऊ. या रुग्णांना हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड जाते. चालू लागले की श्वास भराभर होतो आणि सोडायला वेळ कमी मिळतो. जुनी हवा बाहेर पडण्याआधीच नवी आत शिरते. बाजाराच्या दिवशी स्टँडवर एस.टी. लागली की उतरणारे उतरायच्या आतच चढणारे घुसतात आणि दारात कोंडी होते, तसाच हा प्रकार आहे. छाती फुगलेलीच राहते आणि माणसाला वाटते की आता आपला जीव जातो.

ही भावना इतकी भयंकर असते की रुग्ण चालणे टाळू लागतो. घरचेही मायेपोटी त्याला काही करू देत नाहीत. पाणी हातात, जेवण खाटेवर. दोन-तीन महिन्यांत मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ओसरतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त कष्ट पडतात, त्यांच्यात आम्लही लवकर साठते, आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास आणखी वाढवावा लागतो. म्हणजे पूर्वी ज्या धापेत माणूस मारुतीच्या देवळापर्यंत जात होता, तेवढ्याच धापेत आता तो जेमतेम अंगण ओलांडतो. फुप्फुस तेवढेच बिघडलेले असते, पायांनी मात्र साथ सोडलेली असते. घरच्यांना वाटते, आजार वाढला. मग आणखी विश्रांती!

चालण्याने झिजलेले वायुकोश परत येत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पायांचे स्नायू परत येतात, साठीनंतरही येतात. चालण्याचा फायदा मुख्यतः तिथे आहे.

परदेशात यावर बरेच काम झाले आहे. बेल्जियममध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या विकाराचे रुग्ण दिवसभरात सरासरी ४४ मिनिटे चालतात आणि त्यांच्याच वयाचे निरोगी लोक ८१ मिनिटे, असे आढळले. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरातील रुग्णांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा २००६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन तास किंवा अधिक चालणाऱ्या अथवा सायकल चालवणाऱ्यांना, अगदीच न हलणाऱ्यांच्या मानाने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी होता. आता यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की ज्यांचा आजार सौम्य तेच चालणार, त्यात नवल ते काय? शंका रास्त आहे आणि संशोधकांनीही तसा हिशेब करून पाहिला आहे. म्हणूनच, पावले मोजायला देऊन रुग्ण खरोखर जास्त चालू लागतात का, हे वेगळे तपासावे लागले.

तसे ते तपासले गेले. युरोपातील सहा केंद्रांत ३४३ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पावले मोजणारे यंत्र आणि मोबाईलवर रोजचे उद्दिष्ट दिले, निम्म्यांना नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत रोजच्या सुमारे १,४०० ते १,५०० पावलांचा फरक पडला. रोज ६०० ते १,१०० पावले वाढली तरी ती रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण वाढ असते, असे २०१६ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने सांगितले आहे. सहाशे पावले म्हणजे हळू चालणाऱ्याची दहा मिनिटे!

अमेरिकेतील निवृत्त सैनिकांवर असाच प्रयोग झाला. चार महिन्यांनी, पावले मोजून उद्दिष्ट पाळणारा गट दुसऱ्या गटापेक्षा रोज पावणेआठशेच्या आसपास पावले जास्त चालत होता. वर्षाअखेरीस मात्र हा फरक उरला नाही. यंत्राची नवलाई संपली की पाय पुन्हा थंडावतात. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण यंत्र विकत आणून दिले की आपले कर्तव्य संपले असे मुलांना वाटते.

दहा हजार आले कुठून?

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा. तो कोणत्याही रुग्णाला तपासून काढलेला नव्हता. पुढे तो जगभर पसरला आणि आता प्रत्येक मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. हा अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा आहे, फुप्फुसाच्या रुग्णांचा नव्हे. पण दहा हजारांचे भूत उतरवायला तो पुरेसा आहे.

दम्याच्या रुग्णाचे उद्दिष्ट त्याच्या स्वतःच्या पावलांवरून ठरवायचे असते. पहिला आठवडा काहीही बदलू नये. नेहमीसारखे वागावे, फक्त रात्री झोपताना आकडा लिहावा. सात दिवसांची बेरीज करून सातने भागावे. समजा सरासरी ९०० आली. तर पुढचे दोन आठवडे रोज १,००० ते १,१०० एवढेच उद्दिष्ट. ते जमले की आणखी शंभर-दीडशे. ज्याची सरासरी तीन हजार आहे त्याने तीनशे वाढवायला हरकत नाही. म्हणजे साधारण दहा-पंधरा टक्के, पंधरा दिवसांतून एकदा. मोबाईलमधला दहा हजारांचा आकडा बदलता येतो. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगावे, तो एका मिनिटात बदलून देईल. ही पावले एका दमात काढायची नसतात. सकाळी पाच मिनिटे, अकराला पाच, संध्याकाळी पाच, असे चालले तरी बेरीज तीच होते.

माझ्या एक रुग्ण आहेत, वय ५८. आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण पंधराव्या वर्षापासून चुलीपुढे बसल्या. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुढे त्यांच्याकडेही गॅस आला. तरी भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच राहिले, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. त्या आल्या तेव्हा घरातली सगळी कामे सुनेने काढून घेतलेली होती. "डॉक्टरसाहेब, मला नुसती बसवून ठेवलीय हो," हे त्यांचे पहिले गाऱ्हाणे. धापेचे गाऱ्हाणे त्यानंतर!

पंप नीट घ्यायला शिकवला, चूल बंद करायला लावली, आणि पावले मोजायला सांगितले. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली सुमारे १,१५०. सातवीतल्या नातीने काम अंगावर घेतले. कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात ती निळ्या पेनने आकडा लिही. दहा-अकरा आठवड्यांत आजी २,३०० पर्यंत आल्या. धाप गेली का? नाही. पण आठवडी बाजाराला स्वतः जाऊन भाजी निवडून आणता येऊ लागली, आणि सुनेच्या हातून निम्मी कामे त्यांनी परत घेतली. (त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली म्हणे, पण तो माझ्या शास्त्राचा विषय नाही.)

या कॅलेंडरचा खरा उपयोग पुढेच झाला. भाद्रपदात लागोपाठ तीन दिवस आकडा २,१०० वरून ७०० वर आला. आजी म्हणत होत्या, काही नाही, पावसामुळे कंटाळा आलाय. नातीने कॅलेंडर दाखवून बापाला गाडी काढायला लावली. तपासले तेव्हा ताप नव्हता, पण बेडका पिवळा झालेला होता आणि छातीत घरघर वाढलेली होती. उपचार वेळेत सुरू झाले आणि रुग्णालयाचा मुक्काम टळला. या आजारात उचल खाण्याआधी माणूस बहुधा आपोआप कमी हालतो, आणि ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. दोन-तीन दिवस पावले निम्म्यावर आली आणि त्याला लग्नकार्य, प्रवास असे सरळ कारण नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. खोकला, बेडक्याचा रंग, पायावरची सूज यांच्याबरोबर आता मी हा आकडाही विचारतो.

यंत्रे कुठे फसवतात?

मोबाईलमध्ये हालचाल ओळखणारा एक छोटा भाग असतो. शरीराला बसणारा हिसका तो मोजतो. म्हणून मोबाईल अंगावर असेल तरच मोजणी होते. चार्जिंगला लावून चाललात तर शून्य. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तरी काही मोबाईलमध्ये मोजणी थांबते. फार हळू, पाय घासत चालणाऱ्यांची पावले बरीच यंत्रे कमी मोजतात. सलग काही पावले पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच न करणारी यंत्रे आहेत, त्यामुळे ओट्यापासून मोरीपर्यंतच्या फेऱ्या हिशेबात येत नाहीत. मनगटावरचा पट्टा हाताच्या झोक्यावर अवलंबून असतो. आपल्याकडचे वडीलधारे हात पाठीमागे बांधून चालतात किंवा काठी टेकतात, त्यांचा पट्टा गप्प बसतो. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर बसून गेलात, तर न चालताच पावले पडू शकतात.

म्हणून आधी परीक्षा घ्यावी. यंत्र नेहमीच्या जागी ठेवून, तोंडाने मोजत शंभर पावले चालावे. यंत्राने ९० ते ११० दाखवली तर चालेल. साठच दाखवली तर जागा बदलून पाहावी. पट्ट्यापेक्षा कमरेशी ठेवलेले यंत्र हळू चालणाऱ्यांना बहुधा जास्त बरे पडते. शर्टाचा खिसाही चालतो. लुगड्याला खिसा नसतो, हे यंत्र बनवणाऱ्यांच्या गावी नाही. तेव्हा कापडी बटव्यात मोबाईल घालून तो कमरेला खोचावा. रोज एकाच जागी ठेवला म्हणजे आजच्या आकड्याची कालच्याशी तुलना करता येते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करूच नये.

अनेक घरांत मोबाईल एकच, आणि तो मुलाबरोबर कामावर जातो. तिथेही अडायचे कारण नाही. अंगण किंवा गल्लीची एक फेरी किती पावलांची, ते एकदा मोजून ठेवावे. ओट्यावर दहा चिंचोके मांडावेत, प्रत्येक फेरीला एक उचलावा. फेरी साठ पावलांची असेल तर दहा चिंचोक्यांची सहाशे झाली. विजेच्या खांबांवरूनही हिशेब करता येतो. काही जण देवळाच्या प्रदक्षिणा मोजतात, त्यात पुण्य पदरात पडते ते वेगळे.

चालताना काय सांभाळावे?

डॉक्टरांनी झटपट आराम देणारा पंप दिला असेल, तर तो चालण्याआधी दहा-पंधरा मिनिटे घ्यावा की नाही ते त्यांना विचारावे. पुष्कळांना त्याने चालणे सोपे जाते. पंपाची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. चष्म्याची लागते तशी, इतकेच. श्वास नाकाने घ्यावा आणि मेणबत्ती न विझवता तिची ज्योत नुसती हलवायची असल्यासारखा, ओठ चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडावा. दोन पावलांत घ्यावा, चार पावलांत सोडावा. यामुळे मघाशी सांगितलेली दारातली कोंडी फुटते.

थोडी धाप लागणे अपेक्षित आहे. तिला घाबरू नये. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर तीन-चारपर्यंतची धाप चालेल. चालताना एक लहान वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येणार नाही. तोंडातून शब्दच फुटेना, की थांबावे, कठड्यावर किंवा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकावे, आणि श्वास खाली बसला की पुन्हा निघावे. थांबल्याने पावले वाया जात नाहीत.

करोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते कपाटात पडून असेल तर बाहेर काढा, सेल बदला. चालताना प्राणवायूचा आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबावे, आणि असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे वाढवू नये. गार बोटांवर आणि नखांना रंग असेल तर आकडा चुकू शकतो. मनगटी घड्याळात दिसणाऱ्या प्राणवायूच्या आकड्यावर मात्र निर्णय घेऊ नये. छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले, बेडक्यात रक्त दिसले, किंवा थांबूनही पाच-दहा मिनिटांत धाप ओसरली नाही, तर चालण्याचा विचार सोडून दवाखाना गाठावा. प्रकृती गंभीर वाटली तर १०८ ला फोन करावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, घरी प्राणवायू लावावा लागणाऱ्यांनी आणि पायांना सूज असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये. ताप-खोकल्याच्या दिवसांत उद्दिष्ट बाजूला ठेवावे, घरातल्या घरात फिरावे, आणि बरे झाल्यावर आधीच्या निम्म्यापासून पुन्हा चढावे.

वेळ पाहूनच बाहेर पडावे. थंडीत पहाटे चालायला जाण्याची फॅशन आहे, ती या रुग्णांसाठी नाही. धुके आणि शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो. ऊन पडल्यावर, नाकावर मफलर घेऊन निघावे. उन्हाळ्यात उलट, आठच्या आत उरकावे. मळणीच्या, उसाचे पाचट पेटवण्याच्या आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत दार लावून ओसरीतच फेऱ्या घालाव्यात. पावसाळ्यात सोप्यात चालता येते. पंधरा फुटांच्या सोप्यातही चिंचोके चालतात.

आषाढी जवळ आली की दर वर्षी दोघे-तिघे विचारतात, वारीला जाऊ का? मी म्हणतो, गेल्या महिन्याची पावले सांगा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. दिंडीबरोबर एका दिवसात पंधरा-वीस किलोमीटर म्हटले तरी वीस हजारांहून जास्त पावले होतात, वर दिवेघाटाचा चढ. रोज तीन हजार चालणाऱ्याने ते मनात आणू नये. एका गृहस्थांनी हा हिशेब ऐकून स्वतःच तोड काढली. पालखी वाटेत जिथे टेकते तिथे एस.टी.ने गेले, दिंडीबरोबर एक किलोमीटर चालले, आणि पुढे पुन्हा एस.टी. धरून पंढरपूर. त्या दिवशीचा आकडा त्यांनी मला मुद्दाम आणून दाखवला, ४,२६०.

तपासणीला येताना ते कॅलेंडरचे पान किंवा वही बरोबर आणावी. आकडे कमी असले तरी आणावीत, खाडाखोड असली तरी चालेल. आणि आपला पंपही आणावा. अनेकांचे औषध पंपातून जिभेवरच पडते, छातीत पोहोचतच नाही. पंप आणि स्पेसर वापरण्याची योग्य पद्धत पुढील आठवड्यात पाहू.